ग्राफवरची शाब्दिक उदाहरणं कशी सोडवायची: आधी उभा अक्ष वाचा

ग्राफ दिलेला असतो, त्याच्याखाली चार-पाच ओळींचं गणित असतं, आणि आठवी-नववीतली बहुतेक मुलं सरळ गणित वाचायला घेतात. ग्राफकडे बघतात ते एकदम शेवटी, एखादा आकडा उचलायला. मी गोव्यात फोंड्याला ट्यूशन घेते आणि माझं ठाम मत आहे की घोटाळा इथेच होतो. उलटं करायचं. प्रश्न हाताने झाकून ठेवायचा आणि आधी नुसता ग्राफ वाचायचा, त्यातही सगळ्यात आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते. अंतर लिहिलंय की वेग, एकूण पाऊस की दर दिवसाचा पाऊस, रुपये की रुपये प्रति किलो. एकाच आकाराची रेषा असली तरी उभ्या अक्षावरचे शब्द बदलले की सगळी गोष्टच बदलते.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. पुष्कळ मुलांची प्राथमिक शाळा मराठीत होते आणि पाचवीपासून गणित इंग्रजीत येतं, त्यामुळे मुलगा गणितात नाही तर वाक्यात अडकतो. ग्राफमध्ये वाक्यं कमी असतात म्हणून खरं तर तिथे त्याला सोपं जायला हवं, फक्त त्या रेषेची गोष्ट त्याला स्वतःच्या भाषेत सांगू द्या. घरी मराठीत सांगो, कोकणीत सांगो, काही फरक पडत नाही, उत्तर नंतर इंग्रजीत लिहिता येतं.

चला, ग्राफ पेपर आणि पेन्सिल घ्या. हे नुसतं वाचून कळणार नाही, काढावंच लागेल.

आपला पोदेर, म्हणजे पाववाला, घेऊ. सकाळी सायकलवर पाव घेऊन पों पों करत येतो तो. आडव्या अक्षावर वेळ, १ सेंमी म्हणजे १० मिनिटं, सुरुवात साडेपाचला. उभ्या अक्षावर बेकरीपासूनचं अंतर, १ सेंमी म्हणजे १ किमी. आता हे बिंदू घ्या: ५:३० ला ०, ५:४५ ला २ किमी, ६:०० ला परत २ किमीच, ६:३० ला ५ किमी, ६:४५ ला ५ किमी, आणि ७:१० ला ०. पट्टीने क्रमाने जोडा.

प्रश्न अजून बघायचा नाही. आधी सगळ्यात लहान घर केवढ्याचं ते काढायचं. ग्राफ पेपरवर १ सेंमीत १० बारीक घरं असतात, म्हणजे आडवं एक बारीक घर १ मिनिट आणि उभं एक बारीक घर १०० मीटर. हे समासात लिहून ठेवायचं, डोक्यात ठेवायचं नाही. परीक्षेत निम्मे मार्क इथे जातात, कारण मुलं दोन्हीकडे एक घर म्हणजे एक असं धरून चालतात.

मग रेषेच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक वाक्य लिहायचं, आपल्या साध्या भाषेत. पहिला तुकडा: पंधरा मिनिटांत २ किमी गेला. दुसरा आडवा आहे: पंधरा मिनिटं बेकरीपासूनचं अंतर बदललंच नाही, म्हणजे वाड्यावर थांबून पाव देतोय. तिसरा: अर्ध्या तासात अजून ३ किमी. चौथा आडवा, परत पंधरा मिनिटं थांबला. पाचवा खाली उतरतोय: पंचवीस मिनिटांत ५ किमी मागे येऊन बेकरीत पोचला. झाली पाच वाक्यं. आता प्रश्नावरचा हात काढा, बघा किती प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून झालीत.

या पाचव्या तुकड्यावर जरा थांबू. रेषा खाली आली म्हणजे पोदेर उतारावरून खाली आला असं पुष्कळ मुलांना वाटतं, आणि ते त्यांचा मूर्खपणा म्हणून सोडून देऊ नका, कारण ग्राफ दिसतोच डोंगरासारखा. पण उभ्या अक्षावर उंची कुठे लिहिलीय? तिथे बेकरीपासूनचं अंतर लिहिलंय, ते कमी होतंय म्हणजे तो बेकरीकडे परत येतोय, रस्ता चढ असो नाहीतर सपाट. हे एकदा पक्कं बसलं की अर्धी लढाई जिंकली.

आता प्रश्न. पहिल्या तुकड्यात वेग किती? वेग म्हणजे रेषेचा चढ, उभा बदल भागिले आडवा बदल. २ किमी भागिले पाव तास, ताशी ८ किमी. तिसऱ्यात ३ किमी अर्ध्या तासात, ताशी ६ किमी. शेवटच्या तुकड्यात ५ किमी पंचवीस मिनिटांत, म्हणजे ५ गुणिले ६० भागिले २५, ताशी १२ किमी. रेषा जितकी उभी तितका वेग जास्त, त्यामुळे आकडेमोड करायच्या आधीच नुसतं बघून सांगता यायला पाहिजे की येताना तो सगळ्यात जोरात आला. टोपली रिकामी असते ना.

एकूण प्रवासाचा सरासरी वेग किती? इथे हमखास ८, ६ आणि १२ ची बेरीज करून तीनाने भागतात आणि ८.६७ लिहितात. चूक. एकूण अंतर ५ जाताना आणि ५ येताना, १० किमी. एकूण वेळ ५:३० ते ७:१०, म्हणजे १०० मिनिटं, थांबलेला अर्धा तास धरून. १० गुणिले ६० भागिले १००, ताशी ६ किमी. थांबलेला वेळ सोडून विचारलंय का ते मात्र प्रश्नात नीट बघायचं, तसं असेल तर भागायचं ७० मिनिटांनी आणि उत्तर साधारण ताशी ८.६ किमी येईल. (८.६७ आणि ८.६ जवळ दिसतात म्हणून पहिली रीत बरोबर होती असं समजू नका, योगायोग आहे तो, पाहिजे तर शेवटच्या तुकड्यातला वेग बदलून बघा.)

आणि माझा आवडता प्रश्न: पोदेर बेकरीपासून ४ किमीवर किती वाजता होता? उभ्या अक्षावर ४ पाशी पट्टी आडवी ठेवा. रेषा दोन ठिकाणी कापली जाते, ६:२० ला आणि ६:५० ला. उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही लिहायची. समीकरण मांडून सोडवणारी मुलं इथे एकच उत्तर लिहून मोकळी होतात, ग्राफ बघणाऱ्याला दुसरं दिसतंच.

आता तोच विचार पण उभा अक्ष बदलून. फोंड्याहून बेळगावला जाणारी बस, उसगाव, धारबांदोडा, मोले करत अनमोड घाट चढते. समजा उभ्या अक्षावर बसचा वेग दिलाय आणि आडव्यावर वेळ. पहिला अर्धा तास ताशी ४०, घाट लागल्यावर पुढचा अर्धा तास ताशी २०. (मधला वेग कमी होतानाचा वेळ सोडून देऊ.) रस्ता वर चढतोय आणि ग्राफ खाली आलाय! आडवी रेषा म्हणजे इथे बस थांबलेली नाही, बस एकाच वेगाने चाललीय. पोदेराच्या ग्राफमध्ये आडवी रेषा म्हणजे थांबणं होतं, तीच रेषा, अर्थ एकदम वेगळा. थांबलेली बस इथे दिसेल ती रेषा शून्यावर टेकल्यावर.

या ग्राफवर विचारलं की एका तासात बस किती किमी गेली, तर कुठलीही उंची वाचून उत्तर मिळणार नाही. इथे रेषेखालचं क्षेत्रफळ लागतं. आडवं एक घर १५ मिनिटांचं आणि उभं एक घर ताशी १० किमीचं काढलं असेल तर एक चौकोन म्हणजे ताशी १० किमीने पाव तास, २.५ किमी. पहिल्या अर्ध्या तासाखाली ४ उभी आणि २ आडवी, ८ चौकोन, दुसऱ्याखाली ४ चौकोन, एकूण १२. बारा गुणिले २.५, ३० किमी. ताळा करून बघा, ४० चा अर्धा २० आणि २० चा अर्धा १०, बरोबर ३०.

म्हणून मी पोरांना एक नियम पाठ करायला सांगते. उभ्या अक्षावर ताशी, दर मिनिटाला, दर दिवशी असं काही लिहिलेलं असेल तर 'एकूण किती' ला क्षेत्रफळ. तसलं काही नसून नुसतं अंतर, लिटर, रुपये असेल तर 'एकूण किती वाढलं' ला नुसती वजाबाकी, आणि 'कुठल्या दराने' ला चढ. केव्हा विचारलं की आडवा अक्ष, किती विचारलं की उभा. दोघांत कोण स्वस्त, कोण पुढे, कधी सारखे होतात, असं विचारलं की दोन रेषा आणि त्यांचा छेदनबिंदू. शाब्दिक उदाहरणांतले बहुतेक प्रश्न यातल्याच कशात तरी बसतात.

पावसाचं उदाहरण या नियमासाठी एकदम चांगलं आहे कारण गोव्यात पावसाळा लागला की पेपरात इंच मोजणं सुरू होतं आणि शंभरी कधी गाठणार याची चर्चा घरोघरी होते. १०० इंच म्हणजे २५४० मिमी. हवामान खातं पावसाळ्याचा हिशेब १ जून ते ३० सप्टेंबर असा धरतं. दर दिवसाच्या पावसाचे स्तंभ काढले तर ते खालीवर होतात, कोरड्या दिवशी शून्य. पण १ जूनपासूनचा एकूण पाऊस काढला तर रेषा कधीच खाली येत नाही, कोरड्या दिवशी ती फक्त आडवी होते. समजा एकूण पावसाच्या ग्राफवर १५ जुलैला ५० इंच दिसतात आणि ३१ जुलैला ७४, तर मधल्या सोळा दिवसांत पडला २४ इंच, दिवसाला सरासरी दीड इंच. ७४ हा जुलैचा पाऊस नव्हे. पुढे संचित वारंवारतेचा वक्र (गटागटाने वाढत जाणाऱ्या बेरजेचा ग्राफ) येतो तेव्हा हेच सगळं परत लागतं, तिथेही दोन उंचींमधला फरक म्हणजे त्या गटातली संख्या.

स्तंभालेखात एक फसवणूक असते ती सांगून ठेवते. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही ते बघा. एका वर्षी निकाल ९२ टक्के, पुढच्या वर्षी ९६, आणि अक्ष ९० पासून सुरू केला तर एक स्तंभ २ घरांचा दिसतो आणि दुसरा ६ घरांचा, म्हणजे तिप्पट. खरी वाढ ९२ वरून ९६, चारच अंकांची. स्तंभाची लांबी बघून 'किती पट' चं उत्तर द्यायचं नाही, अक्षावरचा आकडा वाचूनच द्यायचं.

आता शब्दांवरून ग्राफ काढायचा प्रकार, नववी-दहावीत हाच जास्त येतो. एक गणित घेऊ: भाड्याची स्कूटर दिवसाला ४०० रुपये आणि वर पेट्रोल किमीला २ रुपये. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, किमीला १८ रुपये घेतो. किती किमीच्या पुढे स्कूटर परवडेल? (आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतलेत, आजचे दर म्हणून कोणाशी घासाघीस करू नका.)

आधी अक्ष ठरवा. जे आपण बदलणार ते आडवं, म्हणजे किमी, १ सेंमी म्हणजे ५ किमी. जे त्याच्यामुळे बदलणार ते उभं, रुपये, १ सेंमी म्हणजे १०० रुपये. मग वाक्यातले शब्द एक एक करून कागदावर उतरवा. 'दिवसाला ४००' याला किमीशी काही देणंघेणं नाही, एक किमीही फिरला नाहीत तरी द्यायचेच, म्हणून स्कूटरची रेषा उभ्या अक्षावर ४०० पासून सुरू होते. 'किमीला २' म्हणजे चढ, अगदी थोडा. दोन बिंदू पुरतात, ० किमीला ४०० आणि ५० किमीला ५००. तिसरा बिंदू ताळ्यासाठी घ्या, २० किमीला ४४०, तो त्याच रेषेवर पडला पाहिजे, नाही पडला तर काहीतरी चुकलंय. पायलटची रेषा शून्यातून निघते, १० किमीला १८०, २० किमीला ३६०, चांगलीच उभी.

दोन्ही रेषा २५ किमी आणि ४५० रुपयांवर कापतात. म्हणजे २५ किमीला दोघांचा खर्च सारखा, त्याच्या आत पायलट स्वस्त, त्याच्या पुढे स्कूटर. समीकरणाने तपासा, ४०० + २क्ष = १८क्ष, १६क्ष = ४००, क्ष = २५. जुळलं. नुसता छेदनबिंदू लिहून थांबू नका, प्रश्न 'कोण परवडेल' असा आहे, तर वाक्यात उत्तर द्या. आणि ४० किमीला किती वाचतील असं विचारलं तर ४० वर उभी पट्टी ठेवून दोन रेषांमधली फट मोजायची, ७२० वजा ४८०, २४० रुपये.

ही फट वाचण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे ग्राफ छापले, त्यात आयातीची एक रेषा आणि निर्यातीची एक, आणि मधली जागा म्हणजे व्यापारातला फायदा किंवा तोटा. डेन्मार्क-नॉर्वेबरोबरच्या व्यापाराच्या ग्राफमध्ये दोन्ही रेषा एकमेकींना कापतात, म्हणजे तोटा जाऊन फायदा कधी सुरू झाला ते एकही आकडा न वाचता दिसतं.

समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचं गणित मुलांना सगळ्यात जास्त नको असतं, आणि खरं तर ते ग्राफवर सगळ्यात सुंदर सुटतं. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर असाच चार्ट वापरतात, एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली आणि तिचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे समोरची गाडी जाईपर्यंत आपली गाडी स्टेशनात उभी राहते हे सगळ्यांनी भोगलेलं आहे. तेच गणितात आणू.

समजा मडगाव ते पेडणे ६० किमी धरलं. मडगावहून एक गाडी १०:०० ला निघते, ताशी ६० किमी. पेडण्याहून दुसरी १०:१५ ला निघते, ताशी ४० किमी. उभ्या अक्षावर मडगावपासूनचं अंतर. पहिलीची रेषा १०:०० ला शून्यातून निघून ११:०० ला ६० वर. दुसरीची १०:१५ ला ६० वरून सुरू होऊन खाली येते, दीड तासाने म्हणजे ११:४५ ला शून्यावर. मुलं दुसरीची रेषा पण शून्यातून काढतात, तिथे परत उभा अक्ष वाचायला लावा, पेडण्यात उभी असलेली गाडी मडगावपासून किती लांब आहे? ६०. मग तिथूनच सुरुवात.

रेषा कापतात १०:४२ ला, मडगावपासून ४२ किमीवर. पुस्तकातलं गणित इथे संपतं. पण मार्ग एकेरी आणि ४२ किमीवर स्टेशनच नाही, तर? समजा स्टेशन ३६ किमीवर आहे. पहिली गाडी तिथे १०:३६ ला पोचते. दुसरीला पेडण्याहून तिथे यायला २४ किमी, ३६ मिनिटं, म्हणजे १०:५१. तोपर्यंत पहिलीची रेषा आडवी, पंधरा मिनिटं. मग उरलेले २४ किमी २४ मिनिटांत, पेडण्याला ११:१५. ग्राफवर बघितलंत तर तिच्या रेषेचा वरचा तुकडा तस्साच पंधरा मिनिटं उजवीकडे सरकलाय, चढ बदललेला नाही. एवढं मुलाने स्वतः काढलं की 'सापेक्ष वेग' हा शब्द न वापरता त्याला तो कळलेला असतो.

काही बारीक गोष्टी. ग्राफवरून वाचलेलं उत्तर अर्ध्या घराने इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून दोन रेषा फार थोड्या कोनात कापत असतील तर समीकरण सोडवून खात्री करा. रेषा जिथे संपते त्याच्या पुढे आपल्या मनाने वाढवू नका, जुलैच्या पावसाची रेषा तशीच डिसेंबरपर्यंत ओढली तर काय होईल बघा. उत्तराला एकक लावा, आणि ते एकक अक्षांवरूनच येतं: चढ काढलात तर उभं एकक भागिले आडवं, क्षेत्रफळ काढलंत तर उभं गुणिले आडवं. किमी भागिले तास केलं आणि एकक रुपये आलं तर कुठेतरी चुकीचा अक्ष वाचलाय.

एक सरावाला देते, ग्राफ काढूनच करा. छपरावरच्या १००० लिटरच्या टाकीत ६:०० वाजता २०० लिटर पाणी आहे. पंप लावल्यावर ६:४० ला टाकी भरली. ७:०० पर्यंत पंप बंद आणि कोणी नळही सोडला नाही. ७:०० ते ८:०० घरातला वापर सुरू, ८:०० ला ६४० लिटर उरलं. ८:०० ला परत पंप लावला, वापर मात्र त्याच गतीने चालू. ८:२० ला टाकीत किती? पंपाचा चढ पहिल्या तुकड्यातून काढा, वापराचा तिसऱ्यातून, आणि शेवटच्या तुकड्याचा चढ या दोघांचा मिळून काढा. ९२० लिटर यायला पाहिजे.